स्कॉटलंडने वेगळं व्हावं का? सांगलीच्या अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली जमतात. तासभर चालू घडामोडींवर बोलायचं आणि मग ज्याने त्याने आपापल्या टेबलावर परतायचं, असा शिरस्ता आहे. स्कॉटलंडचा विषय निघाला की तो तास लांबतो. दरवर्षी नवी तुकडी येते आणि तेच प्रश्न विचारते, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

तुम्ही सांगलीच्या. तुमचा स्कॉटलंडशी काय संबंध?

मी तिथे मत दिलं आहे. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, तेव्हा मी नोकरीसाठी ग्लासगोत राहत होते. तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही त्या मतदानाचा हक्क होता आणि भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवाली मी पात्र ठरले. माझ्या घरमालकीणबाईंचा ग्लासगोत जन्मलेला, पण लंडनला नोकरी करणारा सख्खा मुलगा मात्र ठरला नाही, कारण नियम राहत्या पत्त्याचा होता, जन्माचा नव्हता. मला हे तेव्हा फार जड गेलं. ज्या घरात आपण भाडेकरू, त्या घराच्या वाटणीच्या कागदावर आपली सही लागणार होती. त्या सहा महिन्यांत मी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठीसुद्धा कधी वाचलं नव्हतं.

स्कॉटलंड हा देश आहे की राज्य?

तिथला माणूस 'देश' म्हणतो, आणि त्याला कुणी हटकत नाही. फुटबॉलचा संघ वेगळा, कायदा आणि न्यायालयं वेगळी, शाळांच्या परीक्षा वेगळ्या, चर्च वेगळं. पण संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची नाही, लष्कर नाही, परराष्ट्र खातं नाही. ते लंडनकडे.

आकार डोळ्यासमोर यावा म्हणून सांगते. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५४ लाख ३६ हजार भरली. आपल्या २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाख २२ हजार आणि सातारा जिल्हा ३० लाख ४ हजार होता. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत मिळून स्कॉटलंडपेक्षा जास्त माणसं राहतात.

ते इंग्लंडला जोडले कसे गेले? लढाईत हरले का?

नाही. लढाया शतकानुशतकं झाल्या, पण जोडणी झाली ती आधी वारसाहक्काने आणि मग कर्जापायी.

१६०३ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, संसदा दोनच राहिल्या. पुढे १६९८ मध्ये स्कॉटलंडने आजच्या पनामात डॅरियन इथे स्वतःची वसाहत उभारायचा घाट घातला. सरदारांपासून दुकानदारांपर्यंत लोकांनी त्यात पैसे घातले. ताप, उपासमार, स्पेनचा विरोध आणि इंग्लंडने फिरवलेली पाठ यांत दोन वर्षांत सगळं बुडालं. देशातल्या भांडवलाचा मोठा वाटा त्या दलदलीत गेला. मग १७०७ चा एकीकरणाचा करार आला. इंग्लंडने जवळपास ४ लाख पौंडांची रक्कम देऊ केली, त्यातून डॅरियनमध्ये हात पोळलेल्यांची भरपाईही होणार होती. राजधानी एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेने ठराव मंजूर करून स्वतःलाच बरखास्त केलं. बाहेर रस्त्यावर दंगे चालू होते.

आपल्याकडे पाच-सहा एकरांची जमीन कर्जापायी सावकाराच्या घरात कशी जाते, हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलं आहे त्यांना तो ठराव लगेच समजतो. खरेदीखत कायदेशीर असतं, सही घरातल्याच कर्त्याची असते, आणि तरी तीन पिढ्या घरात म्हणतात की जमीन गेली.

म्हणजे तेही आपल्यासारखे इंग्रजांचे गुलामच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मी त्याला सगळ्यांत ठाम नाही म्हणते. या उत्तरासाठी साताऱ्याच्या पलीकडे जावं लागत नाही.

१८१८ ला पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या शेजारी कंपनीने जो अधिकारी बसवला तो जेम्स ग्रँट डफ, स्कॉटलंडच्या बॅन्फ गावचा. १८२६ ला मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापणारा तोच. त्याच्या वरचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तोही स्कॉटिश. १८३९ ला प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तेव्हा रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि एका तपाहून जास्त काळ कंपनीचे दरवाजे ठोठावत राहिले. दाद लागली नाही. १८४८ ला दत्तक नामंजूर करून सातारा खालसा करणारा गव्हर्नर जनरल डलहौसी. त्याचं वडिलोपार्जित डलहौसी कॅसल एडिंबरापासून थोड्याच अंतरावर आहे. मी बाहेरून पाहून आले. उभी राहिले तेव्हा मला साताऱ्याची जुनी राजवाड्याची इमारत आठवत होती.

म्हणून सांगते, स्कॉटलंड साम्राज्याच्या ताटात वाढून घेणाऱ्यांच्या पंगतीला होता. गरीब स्कॉटिश शेतकऱ्यांवर उत्तरेच्या डोंगराळ भागात जमीनदारांनी जुलूम केला, मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली, हे खरं आहे आणि वाईट आहे. तरी आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा सदरा त्यांच्या अंगाला बसत नाही. त्यांची मागणी तपासायची ती त्यांच्या स्वतःच्या कारणांवर.

मग त्यांची तक्रार नेमकी काय आहे?

थोडक्यात सांगायचं तर, आम्ही मत एकाला देतो आणि सरकार दुसऱ्याचं येतं.

ब्रिटनच्या संसदेत इंग्लंडच्या जागा एवढ्या जास्त आहेत की स्कॉटलंडने काहीही कौल दिला तरी पारडं सहसा इंग्लंडच्या बाजूने झुकतं. १९८० च्या दशकात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळात खाणी, जहाजबांधणी, पोलाद हे सगळे उद्योग बंद पडत गेले आणि क्लाइड नदीकाठची बंदरं ओस पडली. त्यात १९८९ ला 'पोल टॅक्स' नावाचा डोईपट्टीचा कर आला. घर लहान असो वा मोठं, डोक्यागणिक सारखा. तो स्कॉटलंडमध्ये इंग्लंडच्या एक वर्ष आधी लागू केला. घरमालकीणबाई त्याबद्दल बोलायच्या तेव्हा पंचवीस वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढायचा. "आधी आमच्यावर करून पाहिलं," एवढंच त्या म्हणायच्या.

त्याआधी १९७९ ला स्वतःच्या विधानसभेसाठी मतदान झालं होतं. ५१.६ टक्के लोक हो म्हणाले. पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी हो म्हटलं पाहिजे अशी अट होती आणि आकडा ३२.९ वर थांबला. बहुमत मिळूनही मागणी फेटाळली गेली. पुढे १९९७ ला पुन्हा विचारलं तेव्हा ७४.३ टक्के लोक हो म्हणाले, आणि १९९९ पासून एडिंबरात १२९ सदस्यांची संसद बसते आहे. आरोग्य, शिक्षण, पोलीस तिच्याकडे.

उत्तर समुद्रातल्या तेलाचं काय?

१९७० च्या सुमारास तेल सापडलं आणि 'हे तेल स्कॉटलंडचं' ही घोषणा स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने गावोगाव नेली. युक्तिवाद साधा होता आणि आहे: शेजारच्या नॉर्वेने तेलाचा पैसा साठवून निधी उभा केला, आमचा पैसा लंडनच्या रोजच्या खर्चात गेला. त्यात तथ्य आहे.

पण तेलावर संसार मांडायचा नसतो. २०१४ च्या उन्हाळ्यात पिंपाला ११० डॉलरच्या आसपास भाव होता आणि स्वातंत्र्याची बरीच गणितं त्या भावावर मांडलेली होती. मतदानानंतर चार महिन्यांत भाव ५० डॉलरच्या खाली आला. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे कुणी शिकवायला नको. मार्चचा दर धरून घर बांधायला काढायचं नाही, हे तो जाणतो.

२०१४ चा प्रश्न काय होता? कुणी ठरवला?

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या भागाबद्दल.

२०११ ला स्कॉटिश नॅशनल पार्टीला एडिंबरात स्पष्ट बहुमत मिळालं. १५ ऑक्टोबर २०१२ ला ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटलंडचे नेते अॅलेक्स सामंड यांनी करारावर सह्या केल्या: मतदान होऊ द्यायचं, प्रश्न एकच विचारायचा, निकाल दोघांनी मानायचा. पक्षाने आधी सुचवलेला प्रश्न होता, 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?' निवडणूक आयोगाने हरकत घेतली. 'सहमत आहात का' म्हटलं की माणूस हो कडे झुकतो. म्हणून ते शब्द काढले आणि राहिलं ते एवढंच: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? हो किंवा नाही.

मताचं वय १६ केलं. दहावी-अकरावीच्या वयाची मुलं बसमध्ये चलनावर आणि पेन्शनवर भांडत होती. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मतदानाचा दिवस कसा होता?

सकाळी धुकं होतं. केंद्र होतं घराजवळच्या प्राथमिक शाळेत, व्यायामाच्या हॉलमध्ये. भिंतीला मुलांनी रंगवलेले मासे चिकटवलेले होते. माझ्या पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती, पाठीला दप्तर, तिथून थेट वर्गात जाणारी. तिचे हात थरथरत होते. माझेही.

कागद हातभर लांबही नव्हता. एक ओळ, दोन चौकोन. मत नोंदवायला दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल, फुली मारायची आणि कागद दुमडून पेटीत टाकायचा. बाहेर आले आणि सांगलीला आईला फोन लावला.

"शाई लावली का गं बोटाला?"

"इथे लावत नाहीत आई."

"मग कुणी दोनदा येऊन दिलं तर?"

"देत नाहीत."

आई गप्प झाली. मग म्हणाली, "देश मोडायचं मत, आणि पेन्सिलीनं?"

मला त्यावर आजही चांगलं उत्तर सुचलेलं नाही. पण ८४.६ टक्के मतदान झालं. पहाटेपर्यंत मोजणी चालली. ५५.३ टक्के नाही, ४४.७ टक्के हो. ३२ पैकी चारच विभागांत हो जिंकलं, त्यात माझं ग्लासगो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुष्कळ लोक रडत होते, पण दुकानं वेळेवर उघडली. तीनशे वर्षांचा प्रश्न विचारला गेला आणि तो सुटताना रक्त सांडलं नाही.

तुम्ही कोणता चौकोन निवडलात?

नाही. मुख्य कारण चलन. सामंड म्हणत होते की स्वतंत्र झालो तरी पौंड दोघांचा राहील. लंडनच्या अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये साफ सांगितलं की वाटून घेणार नाही, आणि बाकीच्या मोठ्या पक्षांनीही त्यांना दुजोरा दिला. मग पगार कशात होणार, कर्जाचा हप्ता कशात भरायचा, घरमालकीणबाईंची पेन्शन कोण देणार? उत्तर मिळायचं की ते धमकावत आहेत, प्रत्यक्षात देतील. दुसऱ्याच्या मनावर सोडलेलं उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

त्यांच्या नोटा वेगळ्या असतात असं ऐकलं. मग चलन वेगळंच झालं की!

नोट वेगळी, पैसा तोच. स्कॉटलंडमधल्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात, पण त्या पौंडाच्याच, आणि तेवढ्या किमतीचं तारण ठेवून. लंडनला एका दुकानात मी ग्लासगोची दहाची नोट दिली तर काउंटरवरच्या मुलाने ती उजेडाकडे धरून दोनदा उलटून पाहिली आणि आत कुणाला तरी विचारायला गेला. मागची रांग बघत होती. मी परकी असून मला राग आला. जन्माने तिथल्या असलेल्या माणसाला किती येत असेल! अशा बारीकसारीक गोष्टींतून मोठी राजकारणं तयार होतात हे मला त्या काउंटरवर कळलं.

ब्रेक्झिटने काय बदललं?

बरंच. २०१४ ला 'नाही' च्या बाजूचा एक मोठा मुद्दा होता: ब्रिटनमधून फुटलात तर युरोपीय संघातूनही बाहेर पडाल. लोकांनी ते ऐकलं. दोनच वर्षांनी, जून २०१६ मध्ये, सगळ्या ब्रिटनचं मतदान झालं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपात राहायचा कौल दिला, ३२ च्या ३२ विभागांनी. पण एकूण ब्रिटनचे ५१.९ टक्के बाहेर पडायच्या बाजूने गेले, आणि स्कॉटलंडही ओढला गेला.

ज्या भीतीपोटी राहिलो तीच गोष्ट राहिल्यामुळे झाली. मी तेव्हा सांगलीत परत आले होते. रात्री निकाल पाहत बसले आणि माझ्या त्या फुलीबद्दल मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मतदाराला दिलेला शब्द मोडला तर मतदाराने पुन्हा विचारायचं म्हणणं न्यायाचं आहे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

मग पुन्हा मतदान का होत नाही?

लंडन परवानगी देत नाही. एडिंबराच्या संसदेला स्वतःहून असं मतदान घेता येईल का, हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं: येत नाही. दार आतून उघडत नाही, आणि बाहेरच्याने ते कधी उघडायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. ही त्या व्यवस्थेतली खरी उणीव आहे. कॅनडाने निदान ती बुजवायचा प्रयत्न केला.

कॅनडात काय झालं?

क्युबेक प्रांतात १९८० आणि १९९५ असं दोनदा मतदान झालं. दुसऱ्यांदा ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के, म्हणजे केसाच्या अंतराने राहिले. पण प्रश्न एवढा लांबलचक होता, त्यात भागीदारीचा प्रस्ताव, विधेयक, १२ जूनचा करार, की पुष्कळांना आपण नक्की कशाला हो म्हणतो आहोत याची खात्री नव्हती. १९९८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकी देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. २००० मध्ये त्यावर कायदाही झाला. मला हे सूत्र आजवरच्या सगळ्या सूत्रांत शहाणपणाचं वाटतं.

स्पेनमध्ये लाठीमार झाला होता ना?

हो. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताने वेगळं होण्यावर १ ऑक्टोबर २०१७ ला मतदान घेतलं, माद्रिदच्या केंद्र सरकारने ते बेकायदा ठरवलं, पोलिसांनी मतपेट्या उचलल्या, म्हाताऱ्या बायकांनाही ढकललं. नेते तुरुंगात गेले, काही परदेशात पळाले. प्रश्न होता तिथेच राहिला.

वेगळे होऊन सुखी झालेले देश आहेत का?

आहेत. नॉर्वे १९०५ ला स्वीडनपासून वेगळा झाला. मतदानात ३ लाख ६८ हजारांवर लोक बाजूने आणि फक्त १८४ विरोधात. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ ला वाटण्या करून वेगळे झाले, दोनास एक या प्रमाणात, आणि आज एकमेकांकडे सणाला जातात.

उलटही आहे. दक्षिण सुदानमध्ये जानेवारी २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के लोक वेगळं व्हायला हो म्हणाले. डिसेंबर २०१३ मध्ये आपसातलं युद्ध सुरू झालं. टक्केवारी कितीही मोठी असली तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना, न्यायालय, पगारपत्रक कोण चालवणार हे ठरलेलं असावं लागतं.

आपल्याकडचं प्रतिसरकारही तसंच होतं का? साताऱ्याचा वेगळा देश?

प्रतिसरकार १९४३ ते १९४६ चं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचे वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग होते. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांना साताऱ्याला हिंदुस्थानातून काढायचं नव्हतं, इंग्रजांना साताऱ्यातून काढायचं होतं. त्यामुळे फुटून निघण्याच्या यादीत ते बसत नाही.

तरी त्यातलं एक मी नेहमी दाखवते. कुंडलच्या परिसरात लोकांनी न्यायदान मंडळं चालवली, भांडणं मिटवली, सावकारांना चाप लावला, तुफान सेना उभी केली. राज्य मागण्याआधी राज्य चालवून दाखवलं. स्कॉटलंडच्या बाजूची सगळ्यांत भक्कम गोष्टही तीच: १९९९ पासून ते आपले दवाखाने आणि शाळा स्वतः चालवत आले आहेत, तिथल्या मुलांना विद्यापीठाची फी माफ आहे.

एखादं बेट किंवा तालुका म्हणाला की आम्हाला स्कॉटलंडपासूनच वेगळं करा, तर?

म्हणतातच. शेटलंड आणि ऑर्कनी ही उत्तरेची बेटं १४६८-६९ ला डेन्मार्कच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी गहाण टाकली आणि सोडवलीच नाहीत. तिथली बोली, गावांची नावं अजून नॉर्वेकडची वाटतात. २०१४ ला दोन्ही बेटांनी ६० टक्क्यांहून जास्त मतांनी नाही म्हटलं. २०२० ला शेटलंडच्या परिषदेने जास्त स्वायत्ततेचे मार्ग तपासायचा ठरावही केला. तेलाचं मोठं टर्मिनल शेटलंडवर आहे, हे लक्षात घ्या.

इथे आमच्या अभ्यासिकेत सगळ्यांच्या माना कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यातल्या मुलाकडे वळतात.

जतच्या ठरावाचं काय झालं होतं?

लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल लागला त्याच आठवड्यात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांवर दावा सांगितला. आधार होता तो गावांनीच २०१२ च्या सुमारास केलेल्या ठरावांचा: पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या.

जतचा पूर्व भाग तुम्ही पाहिला नसेल तर एकदा एप्रिलात जाऊन या. संख, उमदी, तिकोंडी. घरात कन्नड, बाजारात दोन्ही भाषा, कचेरीत मराठी. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलून मिरज, कवठेमहांकाळमार्गे येतं आणि या गावांच्या अलीकडेच थांबायचं. सीमेपलीकडे कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी डोळ्यांना दिसतं. आमच्याकडच्या त्या मुलाने एकदा शांतपणे सांगितलं, "मॅडम, आमच्या आजोबांना बंगळूर नको होतं. तलावात पाणी पाहिजे होतं. ठराव केल्यावर पहिल्यांदा टीव्हीवाले गावात आले."

त्या दाव्यानंतर महाराष्ट्राने विस्तारित म्हैसाळ योजनेला गती दिली. म्हणजे दुखणं पाण्याचं होतं आणि औषधही पाण्याचंच होतं. दहा वर्षं कुणी नाडी पाहिली नव्हती. हा तालुका भारतातच राहणार होता, प्रश्न राज्याचा होता, तरी स्कॉटलंडकडे बघताना मी हेच विचारते: यांना लंडनपासून सुटका हवी आहे की लंडनने ऐकायला हवं आहे? २०१४ ला माझ्या गल्लीत दोन्ही प्रकारचे लोक होते आणि दोघांनीही 'हो' वरच फुली मारली.

मग भारतातल्या एखाद्या भागालाही असा हक्क असावा का?

कायदा स्पष्ट आहे: नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'संघ' हा शब्द का निवडला ते सांगितलं. भारत हा राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला फुटण्याचा हक्क नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाच्या अखंडतेचा मुद्दा भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांमध्ये घातला.

मला ते पटतं. स्कॉटलंड एका संसदेने दुसऱ्या संसदेशी केलेल्या करारातून आला, तो करार आजही कागदावर आहे. आमच्या घरात सांगली संस्थानचा शिक्का असलेला पणजोबांच्या नावचा स्टॅम्पपेपर आहे. संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, पण त्या विलीनीकरणाने माझ्या पणजोबांना प्रजेतून मतदार केलं. आणि आपल्याकडे आतल्या आत दार आहे. घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. महाराष्ट्र तसा झाला, तेलंगण २ जून २०१४ ला झालं, स्कॉटलंडच्या मतदानाच्या साडेतीन महिने आधी. सांगली जिल्हाही १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' होता. हे दार करकरतं, पण ते आहे, म्हणून जतच्या आजोबांच्या ठरावाला देशद्रोह म्हणायची मला घाई नाही.

मग शेवटी, स्कॉटलंडने वेगळं व्हावं का?

आजच्या स्थितीत माझं उत्तर अजूनही नाही असं आहे, पण २०१४ इतकं सोपं ते राहिलेलं नाही.

त्यांचा निम्म्याहून जास्त व्यापार उरलेल्या ब्रिटनशी आहे. उद्या ते युरोपीय संघात गेले तर इंग्लंडच्या सीमेवर जकात नाके उभे राहतील. म्हैसाळहून सीमेपलीकडच्या कागवाडला जाताना कागदपत्रं दाखवायची वेळ आली तर आपल्या हळदीचं, उसाच्या गाड्यांचं, पलीकडे दिलेल्या लेकीबाळींचं काय होईल, तेवढी कल्पना केली तरी पुरे. चलनाचं उत्तर अजून कच्चं आहे. ग्लासगोपासून चाळीसेक किलोमीटरवर फास्लेनला ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ आहे, तो कुठे हलवायचा हेही ठरलेलं नाही. ही उत्तरं आधी छापून घरोघर द्यावीत, मग कौल मागावा.

मात्र विचारायचा हक्क लंडनच्या खिशात असू नये. एखाद्या निवडणुकीत फुटू पाहणाऱ्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं, तर ठरावीक वर्षांचं अंतर राखून पुन्हा मतदान घेण्याचा लिखित नियम हवा. २०२४ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टी ब्रिटिश संसदेत ९ जागांवर आली, त्यामुळे लंडनमध्ये काहींना वाटतं की विषय मिटला. २०१५ ला याच पक्षाने ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या होत्या. जागा वर-खाली होतात, तरी स्वातंत्र्य हवं म्हणणारे लोक तिथे निम्म्याच्या आसपास आहेतच.

त्या रांगेतल्या मुलीने कुणाला मत दिलं होतं?

हो ला. बाहेर आल्यावर तिने स्वतःच सांगितलं आणि मला विचारलं, "तुमचा देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी काय केलं?" आजीने सांगितलेलं मी तिला सांगितलं: सांगलीत साखर वाटली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेले. ती "साखर" हा शब्द दोनदा म्हणून शाळेकडे पळाली, पहिला तास बुडत होता.